दहा दिवसांनी परतलेला बाप: स्लाव्ह भयकथा पडद्यावर आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रागमध्ये दिग्दर्शन शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीला अभ्यासक्रमाच्या शेवटी चाळीस मिनिटांची फिल्म करायची आहे. कथा ठरली आहे: आलेक्सेई कॉन्स्तांतिनोविच टॉल्स्टॉय यांची ‘वुर्दालाकचं कुटुंब’. मार्गदर्शक म्हणतात, गॉथिक करायचं तर किल्ला हवा, तळघर हवं, धुकं हवं. मूळ कथेत तर साधं शेतकऱ्याचं घर आहे. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत. घराचा किल्ला करावा का? भूत दाखवावं का, आणि किती? आणि हे सगळं उचलून कोकणात आणलं तर चालेल का?

मी गेली पंचवीसेक वर्षं कलादिग्दर्शन करतो आणि त्यातला मोठा भाग भयपटांचा आहे. या कथा मी कामासाठी आणि कामाशिवायही पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर छोटं आहे आणि बाकीच्या दोघांची किल्ली त्यात आहे.

कोकणात आणू नका. आपल्याकडे भुतं कमी आहेत म्हणून नव्हे. आपली हडळ बाळंतपणात गेलेली बाई असते, मुंजा हा मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. दोघांचीही इच्छा राहिलेली असते आणि दोघांचाही मुक्काम घराबाहेर असतो: पिंपळावर, विहिरीशी, वेशीपलीकडे. ती झपाटतात, धरतात, मागणं मागतात. वुर्दालाकचं तसं नाही. तो आत्मा नाही, देह आहे. पुरलेलं प्रेत आपल्याच पायांनी चालत घरी येतं, आपल्याच जागेवर बसतं आणि आपल्याच माणसांचं रक्त पितं. जिथे बहुतेक घरांत अग्नी दिला जातो तिथे ही भीती मूळच धरत नाही, कारण परत यायला देह उरलेला नसतो. स्लाव्ह प्रदेशात, म्हणजे रशिया-युक्रेनपासून सर्बियापर्यंत, माणूस मातीत ठेवतात आणि माती त्याला स्वीकारते की नाही, हा तिथल्या माणसाच्या काळजाचा प्रश्न होता. अभ्यासक द्मित्री झेलेनिन यांनी १९१६ मध्ये रशियन लोकसमजुतींवर लिहिताना अशा मृतांचा वेगळा वर्गच मांडला. आत्महत्या केलेले, बुडालेले, बाप्तिस्मा न होता गेलेले, आयुष्याची दोरी पुरी व्हायच्या आत तुटलेले. अशांना माती घेत नाही, असं लोक मानत. रुसाल्का म्हणजे बुडून मेलेली मुलगी, तीही यातलीच.

आता किल्ल्याकडे येऊ. त्यासाठी आधी एक जुनी सरकारी नोंद सांगतो, कारण ती वाचली की किल्ल्याचा मोह बराचसा आपोआप उतरतो.

१७२५ साली सर्बियाचा उत्तर भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. किसिल्येवो नावाच्या गावात पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला आणि त्यानंतर आठ दिवसांत गावातली नऊ माणसं एकेका दिवसाच्या आजाराने गेली. मरताना ती सांगत होती की पेतार रात्री येऊन अंगावर बसला आणि गळा दाबला. गावकऱ्यांनी ऑस्ट्रियन अधिकाऱ्याला गाठलं, थडगं उघडलं, प्रेत ताजं दिसलं, तोंडाशी रक्त दिसलं, छातीत खुंटा मारून प्रेत जाळलं. अधिकाऱ्याने हा अहवाल वरिष्ठांना पाठवला आणि तो व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापूनही आला. युरोपच्या कानावर ‘व्हँपायर’ हा शब्द पडला तो अशा अहवालांमधून.

या अहवालात एक वाक्य आहे, ते मी प्रत्येक नव्या सहायकाला सांगतो. पेतारच्या बायकोने सांगितलं की नवरा मेल्यावर रात्री घरी आला आणि त्याने आपल्या वहाणा मागितल्या. ‘ओपांकी’ म्हणजे तिकडचे चामड्याचे साधे जोडे. ती बाई गाव सोडून निघून गेली.

एवढंच आहे. रक्त नाही, सुळे नाहीत. दारात उभा असलेला नवरा आणि त्याचे जोडे. मी गोष्टींतली भुतं पुष्कळ पाहिली, पण जोडे मागणाऱ्या या माणसाइतकं काही अंगावर आलं नाही. त्याला कुठेतरी चालत जायचं आहे. किंवा त्याला वाटतंय की आपण अजून या घरातले आहोत, आपले जोडे कोनाड्यात असणारच.

किल्ला यात नंतर घुसला. १८१९ मध्ये पॉलिडोरी या इंग्रज डॉक्टरने रक्तपिपाशाला उमराव केलं. त्याआधीच, १७६४ पासून, इंग्रजीत गॉथिक कादंबरीची चाल पडली होती: जुनी वास्तू, वारसाहक्क, पूर्वजांचं पाप. दोन्ही धारा एकत्र आल्या आणि सुजलेला, लालबुंद तोंडाचा सर्बियन शेतकरी फिकट, सडपातळ सरदार होऊन मनोऱ्यात राहायला गेला. त्याबरोबर भीतीची दिशाच उलटी झाली. गॉथिक कथेत बाहेरचा माणूस मृताच्या घरात शिरतो. स्लाव्ह कथेत मृत आपल्या घरात शिरतो. किल्ला बांधायचा की नाही, हे ठरवण्याआधी तुमच्या फिल्ममध्ये कोण कुणाच्या दारात येणार आहे, हे ठरवा. टॉल्स्टॉयच्या कथेत उत्तर स्वच्छ आहे. बाप घरी येतो.

ही कथा त्यांनी १८३९ च्या सुमारास, विशीत असताना, फ्रेंचमध्ये लिहिली. रशियन भाषांतर छापलं गेलं ते ते वारल्यावर, १८८४ मध्ये. (हे ‘युद्ध आणि शांती’वाले टॉल्स्टॉय नव्हेत, त्यांचे दूरचे भाऊ.) कथा सांगतो एक म्हातारा फ्रेंच मार्क्विस, म्हणजे उमराव, १८१५ मध्ये व्हिएन्नात, आणि सांगतो ती १७५९ सालची, सर्बियातल्या एका खेड्यातली. गोर्चा नावाचा कुटुंबप्रमुख अलिबेक या तुर्की दरोडेखोराच्या मागावर डोंगरात जातो. जाताना मुलांना बजावतो: दहा दिवस वाट बघा. दहा दिवसांनंतर आलो तर मला घरात घेऊ नका. मी काहीही बोललो तरी ऐकू नका, अ‍ॅस्पनच्या लाकडाचा खुंटा माझ्या छातीतून आरपार घाला, कारण तेव्हा मी वुर्दालाक झालेला असेन.

दहावा दिवस संपत येतो. सगळे घरासमोर बसले आहेत. मठाची घंटा आठचे ठोके द्यायला लागते आणि पहिला ठोका पडतो न पडतो तोच जंगलातून एक आकृती बाहेर येताना दिसते. थोरला मुलगा जॉर्ज हादरतो. मुदत भरली की भरायची आहे, हे आता कसं ठरवायचं? म्हातारा जवळ येतो, काठी टेकत. कुत्रा त्याच्यावर गुरगुरतो, रडल्यासारखा भुंकतो. अलिबेकचं कापलेलं मुंडकं तो पुढे करतो. जेवायला बसवतात तर जेवत नाही. आणि घरात कुणीच ते वाक्य उच्चारत नाही, जे प्रत्येकाच्या ओठावर आहे.

तुमची फिल्म या प्रसंगात आहे. चाळीस मिनिटांतली दहा मी इथे घालवीन. प्रेक्षकाला हिशेब करायला लावा. म्हातारा निघाला तेव्हाची वेळ सुरुवातीला एकदाच, सहज, कामाच्या गडबडीत येऊ द्या, म्हणजे आठ वाजता प्रेक्षक स्वतः मनात मोजू लागेल आणि त्यालाही उत्तर सापडणार नाही. मराठी घरात वाढलेल्या तुम्हाला दहा हा आकडा वेगळा लागणारच. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत घर कसं श्वास रोखून उभं असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध काही नाही. ऑर्थोडॉक्स, म्हणजे तिकडच्या ख्रिस्ती पंथाच्या, घरात नववा आणि चाळिसावा दिवस महत्त्वाचा. पण मोजणीतला तो ताण तुमच्या अंगात आहे, तो नटांपर्यंत पोचवायला वापरा. कोकण एवढंच आणा.

जॉर्ज बापाला का रोखत नाही, हा कथेचा कणा आहे. बापानेच सांगितलं होतं की ऐकू नका, आणि बापाचं ऐकायचं हेच तर आयुष्यभर शिकवलेलं. आता दारात उभा असलेला बाप आत घ्या म्हणतो. कुठल्या बापाचा हुकूम मानायचा? वुर्दालाक सगळ्यात आधी आपल्या जवळच्या माणसांचं रक्त शोषतो, हे टॉल्स्टॉयने मुद्दाम सांगितलं आहे. किल्ल्यातल्या सरदाराला अनोळखी प्रवासी लागतो. याला नातू लागतो.

या कथेवर झालेल्या फिल्म बघा, पण नक्कल करायला नव्हे. कुणी काय ठेवलं आणि काय सोडलं ते बघायला. इटलीच्या मारिओ बाव्हाने १९६३ च्या त्रिकथापटात ती घेतली. गोर्चाच्या भूमिकेत बोरिस कार्लॉफ. दहाचे पाच दिवस केले, रंगीत प्रकाश वापरला, पण घर घरच ठेवलं. त्यातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. पुरलेला लहान मुलगा रात्री दाराबाहेर येऊन आईला हाक मारतो, थंडी वाजते म्हणतो. नवरा तिला अडवतो. ती नवऱ्यावर सुरी चालवते आणि दार उघडते. दारात म्हातारा उभा असतो. नऊ-दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, जॉर्जिओ फेरोनी याने तीच कथा स्वतःच्या काळात आणून इटालियनमध्ये केली. ती मला सैल वाटते. काळ बदलला की मोटार येते, शहर जवळ येतं, आणि मग हे लोक निघून का जात नाहीत, हा प्रश्न प्रत्येक दृश्यात आडवा येतो. १७५९ च्या खेड्यात तो येत नाही.

२०२३ ची फ्रेंच फिल्म मात्र तुम्ही दोनदा बघा. अद्रियँ बो या दिग्दर्शकाची पहिलीच पूर्ण लांबीची फिल्म, सुपर सोळा फिल्मवर चित्रित केलेली. त्यात गोर्चा नट नाही, माणसाएवढी कळसूत्री बाहुली आहे. आवाज खुद्द दिग्दर्शकाचा. हाडकुळी, सांगाड्यासारखी बाहुली टेबलाच्या टोकाला बसते आणि सगळं कुटुंब ती बापच आहे असं वागतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं इतकं धीट उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. भूत पहिल्यापासून पूर्ण दाखवलं आहे, उजेडात. अंगावर येते ती बाहुली नव्हे. मेलेला माणूस सगळ्यांना दिसतो आहे आणि तरी मोठा मुलगा मान खाली घालून ‘हो बाबा’ करतो आहे, ते पाहणं कठीण जातं.

म्हणून दाखवावं का, याचं माझं उत्तर असं: कथेतल्या माणसांना जे दिसतं आहे ते प्रेक्षकाला दाखवा. ती माणसं काय नाकारत आहेत, तेही दाखवा. लपवाछपवीने भीती वाढते, हा समज अर्धाच खरा आहे. मी एका फिल्मवर काम करत होतो तेव्हा निर्मात्याच्या आग्रहाने आम्ही पिशाच पहिल्या दहा मिनिटांत आणलं, आणि दुसऱ्यांदा ते आलं तेव्हा थिएटरात लोक मोबाइल बघत होते. तेव्हा मला वाटलं, लवकर दाखवलं ही चूक. आज वाटतं, ते कुणाचंच कुणी नव्हतं ही चूक. कुणाचा बाप नाही, कुणाची लेक नाही. नुसता मेकअप होता.

दाखवण्या-न दाखवण्याचा सगळ्यात खोल विचार या सगळ्या साहित्यात रशियन लेखक गोगोलच्या ‘विय’ या कथेत आहे. कथा १८३५ ची, ‘मिर्गोरोद’ या संग्रहातली. तुम्ही दुसऱ्या कथेवर काम करत असलात तरी ही पुन्हा वाचा. खोमा ब्रूत हा कीव्हच्या धर्मशिक्षणाच्या शाळेतला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. एका रात्री एक म्हातारी त्याच्या पाठीवर बसते आणि त्याला घोड्यासारखी उडवत नेते. तो प्रार्थना म्हणत तिच्या खालून निसटतो, तिच्यावर स्वार होतो, लाकडाने तिला झोडपतो. पहाटे खाली पडलेली म्हातारी सुंदर तरुणी झालेली असते. पुढे एका कोसॅक सरदाराची मुलगी मरते आणि मरताना खोमाचं नाव घेऊन सांगते की याने माझ्या प्रेताजवळ तीन रात्री प्रार्थना वाचाव्यात. तो जातो, चेहरा बघतो. तीच.

गावाच्या टोकाला काळं पडलेलं, शेवाळ धरलेलं लाकडी चर्च. खोमा स्वतःभोवती रिंगण आखतो. मुलगी शवपेटीतून उठते, हात पुढे करून चाचपडत येते, पण रिंगणाच्या आतला माणूस तिला दिसत नाही. तिसऱ्या रात्री ती वियला बोलावते. मातीने माखलेला, लोखंडी चेहऱ्याचा, मुळांसारख्या हातापायांचा, जड पावलं टाकत येणारा. त्याच्या पापण्या जमिनीपर्यंत लोंबतात. तो म्हणतो, माझ्या पापण्या उचला, मला दिसत नाही. खोमाच्या आतून आवाज येतो, बघू नकोस. तो बघतो. विय बोट रोखतो: हा इथे आहे. खेळ संपतो.

ही अख्खी कथा कोण कुणाला बघू शकतं, यावर उभी आहे. सिनेमाचंही दुसरं काय काम असतं? खोमाने बघितलं म्हणून तो दिसला. गोगोलने तळटीप देऊन हा ‘विय’ लोककथेतला असल्याचं सांगितलं, पण या नावाचा असा पापण्यांचा राजा अभ्यासकांना लोकपरंपरेत जसाच्या तसा सापडलेला नाही. बहुधा तो गोगोलनेच घडवला. म्हणजे मोडतोड करायला परंपरेची परवानगी आहेच. फक्त मोडताना नियम मोडू नये. रिंगण, तीन रात्री, कोंबडा आरवणं, नजर. एवढं राहिलं तर विय कसाही दिसला तरी चालतो.

मॉस्फिल्म या सोव्हिएत फिल्मसंस्थेने १९६७ मध्ये केलेल्या ‘विय’मध्ये हे सगळं आहे. दिग्दर्शक येर्शोव्ह आणि क्रोपाचोव्ह, पण चर्चमधल्या रात्रींवर छाप दिसते ती आलेक्सांद्र प्तुश्को यांची. परीकथांच्या फिल्म आणि युक्तिदृश्यं यांत त्यांचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. शवपेटी हवेत उठून खोमाभोवती फिरते. त्या पेटीत उभ्या राहणाऱ्या नताल्या वारलेय सर्कशीत शिकलेल्या होत्या, हे तोल पाहूनच कळतं. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. त्यांनी विनोद ठेवला. लिओनिद कुराव्ह्ल्योव्हचा खोमा खातो, पितो, शिंकतो, पळायला बघतो. कोसॅक नोकर जेवणाच्या पंगतीत बसून जादूगारणीच्या गोष्टी रंगवतात. मूळ कथेत यातलीच एक अशी: कुत्र्यांची निगा राखणाऱ्या मिकितावर तिने पाय ठेवला आणि स्वार झाली. तो सुकत गेला आणि एके दिवशी तबेल्यात त्याच्या जागी राखेचा ढीग आणि रिकामी बादली उरली. ऐकणारे जेवता जेवता माना डोलावतात. गॉथिक करणारे लोक हा भाग सगळ्यात आधी कापतात, कारण त्यांना सलग काळोख हवा असतो. कापू नका. घास घेणारा माणूस दिसला की त्याच्या घशाची काळजी वाटायला लागते.

बाव्हाने १९६० मध्ये, आपल्या नावावरच्या पहिल्या फिल्मसाठी, हीच ‘विय’ घेतली असं श्रेयनामावली सांगते. प्रत्यक्षात त्यात खोमा नाही, रिंगण नाही, विय नाही. मोल्दाव्हिया आहे, तळघर आहे, आतून खिळे असलेला मुखवटा जादूगारणीच्या चेहऱ्यावर घणाने ठोकणं आहे, दोन शतकांनी रक्ताच्या थेंबांनी ती जागी होणं आहे, आणि दुहेरी भूमिकेत बार्बरा स्टील. तुमचे मार्गदर्शक ज्याला गॉथिक म्हणतात ते हे, आणि ते अप्रतिम आहे. पण ते गोगोलचं रूपांतर नाही. गोगोलकडून त्याने फक्त म्हातारी आणि सुंदरी एकाच देहात असतात ही कल्पना घेतली आणि बाकीची इमारत स्वतःची बांधली. असं करायचं असेल तर खुशाल करा, मात्र मग टॉल्स्टॉयची गरज नाही. अर्धा किल्ला आणि अर्धं शेतघर केलंत तर दोन्ही पडतील.

बाव्हा मुळात कॅमेरामन होता. चेहरा एकाच शॉटमध्ये, कट न करता, म्हातारा करण्याची एक जुनी युक्ती १९५७ च्या एका इटालियन फिल्मवर काम करताना त्याने वापरली होती. तुम्ही कृष्णधवल करणार असाल तर तुमच्याही कामाची आहे. सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या आणि दिव्यावर लाल जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावायचा. लाल उजेडात त्वचा आणि लाल रेघ सारखीच उजळ दिसते, सुरकुत्या गायब. मग हळूहळू लाल दिवा उतरवून हिरवा चढवायचा. लाल रेघा काळ्या पडत जातात आणि प्रेक्षकासमोर माणूस म्हातारा होतो. डिजिटल कॅमेऱ्यावरही हे जमतं, पण चित्रण रंगीत करून नंतर रंग काढताना लाल आणि हिरवा चॅनल नीट तपासा, आधी टेस्ट घ्या. गोर्चाची सून आरशासमोर आहे आणि तिच्यात बदल होतो आहे, अशा एका जागी वापरलंत तर पुरे. दुसऱ्यांदा वापरू नका.

किल्ल्याशिवाय, धुक्याशिवाय हे जमतं का, अशी शंका असेल तर १९७३ ची ‘लेप्तिरित्सा’ बघा. बेलग्रेड टेलिव्हिजनसाठी जॉर्जे कादियेविच यांनी केलेली, तासाभराची. आधार मिलोवान ग्लिशिच यांची १८८० ची कथा, म्हणजे ड्रॅक्युलाच्या आधीची सतरा वर्षं. झारोझ्ये गावची पाणचक्की. तिथे रात्री राहणारा दळणवाला सकाळी मेलेला सापडतो, कारण सावा सावानोविच नावाचं पिशाच तिथे येतं. गावाला पीठ हवं आहे आणि चक्कीवर कुणी राहत नाही, इतकी साधी अडचण. गरीब स्त्राहिन्या तयार होतो, कारण श्रीमंत झिव्हान आपली मुलगी त्याला देत नाही. फिल्मचा बराच भाग भर उन्हात आहे, गवताळ डोंगरउतारावर, आणि गावकरी थट्टामस्करी करत भूत शोधत हिंडतात. आणि चक्कीत काळा, नखाळ हात. पांढऱ्या पिठाशेजारी काळा हात ठेवला की कुठलंही धुकं लागत नाही. शेवटी पिशाच निघतं ती ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं ती राडोय्का. पुन्हा घरातलंच माणूस. (ती खरी चक्की २०१२ मध्ये कोसळली तेव्हा सावा आता बेघर झाला म्हणून तिथल्या प्रशासनाने लोकांना सावध राहायला सांगितल्याच्या बातम्या जगभर आल्या होत्या.)

आता कामाच्या दोन गोष्टी. घर उभारताना सगळा जीव दारावर लावा. मी अशा फिल्मसाठी दार बुटकं करतो, म्हणजे आत येणाऱ्याला वाकावं लागतं आणि क्षणभर चेहरा दिसत नाही. तो वर येईपर्यंत घरच्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा राहू शकतो. दार आत उघडणारं हवं, म्हणजे उघडणाऱ्याला मागे सरावं लागतं. फळ्या जाड आणि खाली दोन बोटं फट. बाहेर कंदील ठेवला तर त्या फटीतून उभ्या माणसाच्या पायांची सावली आत येते. अडसर खऱ्या लाकडाचा, खऱ्या वजनाचा घ्या. नटाला तो उचलायला दोन्ही हात लागले पाहिजेत. थर्माकोलचा अडसर आणि खोटा आवाज हे मिश्रण प्रेक्षक डोळे मिटूनही ओळखतो.

उजेडाबद्दल गोगोलनेच कलादिग्दर्शकाला सूचना देऊन ठेवली आहे. खोमा भीतीपोटी सगळ्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावतो, खाली लख्ख उजेड पडतो, आणि वरचा काळोख अधिकच दाट होतो. उजेड वाढवून काळोख वाढवायचा. तुमच्या घरातही असंच करा. चुलीशी, टेबलाशी भरपूर उजेड आणि तुळयांच्या वर काही नाही. तुम्ही जिथे आहात तिथून स्लोव्हाकियातली आणि पोलंड-युक्रेन सीमेवरची लाकडी चर्चेस जवळ आहेत, त्यातली कित्येक युनेस्कोच्या यादीत आहेत. ती पाहायला जा, मोजमापं घ्या, लाकडाचा रंग टिपा, पण तिथे मेणबत्त्या पेटवून शूटिंग करायचा विचारही करू नका. आतला भाग सेटवरच लावा. आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाक नसतात हे लक्षात असू द्या. जमीन मोकळी असते, म्हणूनच खोमा रिंगण आखू शकतो. कॅथलिक चर्चचे बाक ठेवून ‘विय’ करणारे मी पाहिले आहेत.

‘स्लाव्ह’ म्हणून एकच गठ्ठाही बांधू नका. गोगोलचे कोसॅक युक्रेनचे, गोर्चाचं घर ऑटोमन काळातल्या सर्बियाचं. रशियन शिरोभूषण सर्बियन सुनेच्या डोक्यावर दिसलं तर तुमच्याच वर्गातली मुलं उठून जातील. खुद्द ‘वुर्दालाक’ हा शब्द कवी पुश्किनमुळे रशियनमध्ये रुळला आणि तो दक्षिणेकडच्या ‘वुकोद्लाक’ म्हणजे लांडगामाणूस या शब्दाचं बिघडलेलं रूप आहे. सर्बियन शेतकरी स्वतः तो शब्द असा म्हणणार नाही. संवादात तो फक्त मार्क्विसच्या तोंडी ठेवा. घरच्यांनी नावच घेऊ नये.

हक्कांची अडचण नाही. टॉल्स्टॉय १८७५ मध्ये गेले, कथा मोकळी आहे. मात्र आजकालचं इंग्रजी किंवा चेक भाषांतर मोकळं नसतं. त्यातली वाक्यं संवादात जशीच्या तशी घेतलीत तर पत्र येईल. मूळ फ्रेंच मजकूर किंवा १८८४ चं रशियन भाषांतर समोर ठेवून संवाद स्वतः लिहा.

आणि मार्गदर्शकांना काय सांगायचं, हा प्रश्न उरतोच. त्यांच्याशी वाद घालू नका. घराचा सेट लावा, बुटकं दार लावा, बाहेर एक लहान मूल उभं करा. मूल अभिनय करणारं नको, खरोखर कंटाळलेलं, झोपेला आलेलं हवं. त्याला सांगा, आईला म्हण थंडी वाजते, दार उघड. त्याने दारावर हाताचा तळवा मारायचा, बोटांनी टकटक नाही. लहान मुलं तळव्यानेच दार वाजवतात. आतल्या खोलीत दिवे घालवून मार्गदर्शकांना बसवा आणि तीन मिनिटं काही करू नका. आवाज दारातून जसा येतो तसाच रेकॉर्ड करा. फिल्ममध्ये तोच वापरा.

मुलाला नंतर आधी खायला द्या.